डोंगरवाटेवरची लांब धाव

‘हाकेच्या अंतरावर’ हा शब्दप्रयोग मराठीत जवळीक दाखविण्यासाठी रूढ आहे. सपाट मुलखात तो खराही ठरतो. परंतु सिल्वासाहून निघून खानवेल मागे टाकले आणि डोंगर सुरू झाले, की या शब्दांचा अर्थ पालटतो. एका सोंडेवरून घातलेली हाक समोरच्या पाड्यावर क्षणात पोहोचते. हाक घालणाऱ्या माणसास मात्र तेथे जावयाचे असल्यास आधी दरीत उतरावे लागते, ओढा ओलांडावा लागतो आणि मग पुन्हा तितकेच वर चढावे लागते. हाकेला जे अंतर अर्ध्या मैलाचे, ते पायांना तासाभराचे होते. डोंगरातून दीर्घ पल्ल्याची शर्यत धावणाऱ्यास सर्वांत आधी शिकावयाचा धडा हाच, की येथे नकाशावरील अंतर हे खरे अंतर नसते.

मॅरेथॉन शर्यतीचा पल्ला ४२ किलोमीटर १९५ मीटर हे आता बहुतेकांस ठाऊक आहे. १९०८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये हा पल्ला प्रथम धावला गेला आणि १९२१ साली तो कायमचा ठरविण्यात आला. याहून अधिक लांबीच्या कोणत्याही शर्यतीस ‘अल्ट्रामॅरेथॉन’ असे नाव आहे. योगायोग असा, की त्याच १९२१ सालच्या मे महिन्यात दक्षिण आफ्रिकेत पीटरमारित्सबर्ग ते दरबान अशी सुमारे ९० किलोमीटरची एक शर्यत सुरू झाली. पहिल्या महायुद्धात कामी आलेल्या सोबत्यांच्या स्मरणार्थ व्हिक क्लॅपहॅम या माजी सैनिकाने ती भरविली. पहिल्या वर्षी ३४ जण धावण्यास उभे राहिले आणि त्यांपैकी १६ जण शेवटपर्यंत पोहोचले. ‘कॉम्रेड्स’ या नावाने ही शर्यत आज जगभर प्रसिद्ध आहे.

ती शर्यत रस्त्यावरची. डोंगरातल्या धावेची परंपरा निराळ्या वाटेने वाढली. इंग्लंडच्या सरोवरप्रदेशात केसविक गावी बॉब ग्रॅहम नावाचा एक गृहस्थ पाहुण्यांच्या उताराची जागा चालवीत असे. १९३२ च्या जून महिन्यात त्याने २४ तासांच्या आत ४२ शिखरे पालथी घातली. अमेरिकेत १९७४ साली गॉर्डी एन्सली याने सिएरा नेव्हाडा पर्वतातील १०० मैलांची घोडेस्वारांची शर्यत घोड्याशिवाय, स्वतःच्या पायांवर, २४ तासांच्या आत पुरी केली. आल्प्समध्ये माँ ब्लाँ शिखराभोवती तीन देशांतून फिरणारी शर्यत २००३ साली सुरू झाली. आजच्या स्वरूपात ती सुमारे १७० किलोमीटरची असून तिच्यातील एकूण चढाई १०,००० मीटरच्या आसपास भरते. आपल्या देशात लडाखमध्ये खारदुंग गावापासून त्याच नावाची खिंड ओलांडून लेहपर्यंत ७२ किलोमीटरची शर्यत भरविली जाऊ लागली. ती खिंड १७,५०० फुटांहून उंच आहे.

महाराष्ट्रास लांब धावेचे वेड नवे नाही. १९२० साली अँटवर्पच्या ऑलिंपिकला जो छोटासा भारतीय संघ गेला, त्यात बेळगावचे फडेप्पा चौगुले होते. मॅरेथॉनमध्ये ते २ तास ५० मिनिटे ४५ सेकंदांत धावले आणि त्यांचा एकोणिसावा क्रमांक आला. त्या संघाच्या पाठवणीचे बीज पुण्याच्या डेक्कन जिमखान्यावरील सामन्यांत रुजले होते. तेथे खेड्यांतून आलेली शेतकरी मंडळी अनवाणी धावताना सर दोराबजी टाटांनी पाहिली, त्यांच्या वेळांची युरोपातील वेळांशी मनात तुलना केली आणि पुढील खटपट आरंभली. आज शंभर वर्षांनंतर सिंहगड, राजगड आणि तोरणा या तीन किल्ल्यांस जोडणारी सुमारे ५० किलोमीटरची शर्यत सह्याद्रीत धावली गेली आहे. पन्हाळगड ते विशाळगड ही वाटही पावसाळ्यात शेकडो माणसे चालतात आणि धावतात. या वाटांवर डांबर नाही. कातळात खोदलेल्या पायऱ्या, कारवीचे रान, घसाऱ्याचे उतार आणि दोन्ही बाजूंस दरी असलेल्या अरुंद धारा हेच येथील धावपट्टीचे स्वरूप.

सिल्वासाच्या मागील डोंगर हे याच सह्याद्रीचे पश्चिमेकडे उतरत आलेले हातपाय होत. दादरा आणि नगर हवेलीचे एकूण क्षेत्रफळ अवघे ४९१ चौरस किलोमीटर. २०२० पासून दमण व दीव यांच्यासह त्याचा एकच केंद्रशासित प्रदेश झाला आहे. नासिक जिल्ह्यातील दिंडोरी तालुक्यात उगम पावलेली दमणगंगा या प्रदेशातून वाहत जाऊन दमणजवळ समुद्रास मिळते. मधुबन धरणाने अडविलेले तिचे पाणी दुधनीच्या परिसरात दूरवर पसरलेले दिसते. नगर हवेलीतील टेकड्या उंचीने बेताच्याच आहेत. त्यांच्यापलीकडे मात्र जव्हार, मोखाडा, पेठ आणि धरमपूर यांचे डोंगर एकामागून एक उठत जातात व अखेर त्र्यंबकच्या घाटमाथ्याला जाऊन भिडतात. एकच उंच कडा चढून जाण्यापेक्षा अशा वीस लहान दऱ्या उतरून चढणे पायांस अधिक जड जाते, हे या मुलखाचे वैशिष्ट्य आहे.

या भूमीने पायी चालणाऱ्यांचा इतिहास पाहिला आहे. १६७२ साली मोरोपंत पिंगळ्यांनी जव्हार आणि रामनगर, म्हणजे आजच्या धरमपूरच्या बाजूचा मुलूख, स्वराज्यास जोडला. त्यामुळे सुरतेची डोंगरातली वाट मराठ्यांच्या हाती आली. पुढे २ ऑगस्ट १९५४ रोजी, ऐन पावसाळ्यात, सिल्वासा पोर्तुगीजांच्या अमलातून मुक्त झाले. तेव्हा कप्तान फिदाल्गो आपल्या शिपायांसह खानवेलच्या बाजूस हटला होता, आणि ११ ऑगस्टला तो उदवा येथे शरण आला. सैनिक असो वा स्वयंसेवक, या डोंगरांत प्रत्येकाच्या हालचालीचे माप नदीने, चिखलाने आणि चढाने ठरविले.

हे माप गणिताने काढता येते. १८९२ साली विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने एक साधा नियम सांगितला. दर तीन मैलांस एक तास धरावा आणि दर दोन हजार फूट चढाईस आणखी एक तास मिळवावा, असा तो नियम आहे. याचा अर्थ असा, की उभी चढाई ही तिच्या सुमारे आठपट आडव्या अंतराबरोबर धरावी. शरीरशास्त्राचा हिशेबही त्याच्या जवळ येतो. ६० किलो वजनाच्या माणसास सपाटीवर एक किलोमीटर धावण्यास सुमारे ६० उष्मांक लागतात. त्याच माणसास स्वतःचे वजन १,००० मीटर वर उचलण्यास, स्नायूंची कार्यक्षमता चतुर्थांश धरल्यास, साडेपाचशेहून थोडे अधिक उष्मांक लागतात. म्हणजे एक हजार मीटर चढाई ही सपाटीवरील नऊ-साडेनऊ किलोमीटरांच्या तोलाची झाली. ५० किलोमीटरच्या वाटेवर एकूण २,५०० मीटर चढ असेल, तर धावणाऱ्याने मनात ७० किलोमीटरच धरावेत.

म्हणूनच अनुभवी धावपटू तीव्र चढावर धावत नाहीत, ते चालतात. नवख्यास यात कमीपणा वाटतो. तो पहिल्या तासात चढावर धावून चार जणांस मागे टाकतो आणि सहाव्या तासात त्या चौघांस पुढे जाताना पाहतो. चढावर हात गुडघ्यांवर टेकून, पाऊल आखूड ठेवून, श्वास तुटणार नाही अशा बेताने चालणे हीच येथील चाल. बोलता येईल इतका श्वास शिल्लक आहे काय, एवढी कसोटी पुरेशी असते. भारा डोक्यावर घेऊन बाजाराला निघालेली या भागातील बाई याच चालीने चढ चढते. तिला ती कोणी शिकविलेली नसते.

चढ फुप्फुसांची परीक्षा पाहतो, तर उतार मांड्यांची. उतारावर प्रत्येक पावलास शरीराचे वजन झेलावे लागते. त्या वेळी मांडीचे स्नायू आकुंचन पावत असतानाच ताणले जातात आणि त्यांच्या तंतूंस सूक्ष्म इजा होत राहते. त्याची वेदना दुसऱ्या दिवशी अधिक जाणवते; परंतु स्नायूंचे बळ त्याच दिवशी, शर्यतीच्या उत्तरार्धात, ओसरू लागते. सह्याद्रीच्या उतारांवर पावसाळा संपल्यावर वाळलेले गवत आडवे पडते आणि तेलासारखे निसरडे होते. त्याखाली सुटा मुरूम असतो. लांब ढांगा टाकून उड्या मारीत उतरणारा पहिल्या गडावरून रुबाबात खाली येतो. दुसऱ्या गडावरून उतरताना त्याचे गुडघे थरथरतात. ज्यास उतार साधावयाचा असेल, त्याने आठवड्यातून एकदा तरी उतारावरच सराव करावा, पावले आखूड व जलद टाकावीत, आणि नजर पायांशी न ठेवता चार पावले पुढे ठेवावी.

यानंतर प्रश्न येतो तो अन्नाचा. स्नायू व यकृत यांत साठविलेले ग्लायकोजेन सुमारे ५०० ग्रॅम, म्हणजे २,००० उष्मांकांच्या आसपास असते. वर हिशेब केलेल्या वाटेस ४,४०० उष्मांक लागतील. शरीरातील चरबीचा साठा पुष्कळ असतो; परंतु ती संथपणे जळते. तेव्हा उरलेली तूट वाटेत खाऊन भरून काढावी लागते. पोट तासाला सुमारे ६० ग्रॅम साखर सहज पचवू शकते. दोन केळी आणि गुळाचा एक खडा यांत ती मिळते. परदेशी वेष्टनांतील गोड लगदा खाल्लाच पाहिजे असे काही नाही. राजगिऱ्याची वडी, खजूर, चिक्की, मीठ लावलेला उकडलेला बटाटा ही सारी चांगली शिदोरी होय. बॉब ग्रॅहमने आपली ४२ शिखरे पाव-लोणी, उकडलेली अंडी, फळे आणि गोळ्या यांवर पालथी घातली होती. मात्र जे शर्यतीत खावयाचे, ते सरावात आधी खाऊन पाहिलेले असावे. धावताना रक्त पायांकडे वळलेले असते. अपरिचित अन्न अशा वेळी पोट नाकारते आणि ओकारी झालेला धावपटू पुढील दोन तासांत रिकामा होतो.

पाण्याविषयी तर गैरसमज फारच आहेत. पुष्कळ वर्षे धावपटूंस ‘तहान लागण्यापूर्वी प्या, जितके पिता येईल तितके प्या’ असा उपदेश केला जात असे. १९८१ च्या कॉम्रेड्स शर्यतीत एक स्त्री धावपटू बेशुद्ध झाली. तिला पाणी कमी पडले नव्हते. ते अतोनात झाले होते आणि त्यामुळे रक्तातील सोडियमचे प्रमाण धोक्याच्या पातळीखाली गेले होते. पुढे २००२ च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये ४८८ धावपटूंचे रक्त तपासले गेले, तेव्हा त्यांपैकी १३ टक्क्यांच्या रक्तात सोडियम कमी झालेले आढळले. आज सांगितले जाते ते असे, की तहानेप्रमाणे प्यावे, फार पिऊ नये, आणि लांब वाटेवर खाण्यातून मिठाचीही सोय ठेवावी. मीठ घातलेले ताक, कोकमाचे सरबत, नागलीची आंबील ही पेये उन्हात राबणाऱ्या माणसाने फार पूर्वीच जवळ केली आहेत. धावपटूची बोटे व मनगट सुजू लागली, डोके दुखू लागले आणि वजन वाढल्यासारखे वाटू लागले, तर त्यास आणखी पाणी पाजणे घातक ठरते.

उष्णता हा किनाऱ्यालगतच्या डोंगरांतील मोठा शत्रू. हवेत दमटपणा असला की घाम गळतो, पण वाळत नाही. आणि न वाळलेला घाम शरीरास थंड करीत नाही. ऑक्टोबरच्या उन्हात किंवा फाल्गुनानंतर येथे दिवसभर धावणे म्हणजे संकटास आमंत्रण होय. डिसेंबर-जानेवारी हाच योग्य हंगाम. उष्माघाताचे पहिले चिन्ह पुष्कळदा बोलण्यात दिसते. मनुष्य असंबद्ध बोलतो, विनाकारण चिडतो, ओळखीची वाट चुकतो. अशा वेळी आधी त्याचे शरीर थंड करावे आणि मग त्यास हलवावे. ओढ्याच्या पाण्यात भिजविलेली धोतरे, पंचे, जे मिळेल ते अंगावर पुन्हा पुन्हा घालावे. वाहनाची वाट पाहण्यात घालविलेली पंधरा मिनिटे प्राणाशी गाठ घालणारी ठरू शकतात.

थंडीचे भय आपल्याकडे कमी. पण डोंगरावर हवामान किती झपाट्याने फिरते, याचे जगास हादरविणारे उदाहरण चीनमधील कान्सू प्रांतात घडले. २२ मे २०२१ रोजी तेथे १०० किलोमीटरची डोंगरी शर्यत चालू असताना भर दुपारी तुफान वारा सुटला, गारा व गोठविणारा पाऊस पडू लागला. सकाळी हवा बरी होती, म्हणून पुष्कळांच्या अंगावर पातळ सदरा व अर्धी विजार एवढेच होते. १७२ धावपटूंपैकी २१ जण गारठून मरण पावले. त्यांत त्या देशातील नामांकित धावपटूही होते. बचावलेल्यांपैकी सहा जणांचे प्राण चू केमिंग नावाच्या एका मेंढपाळाने वाचविले. वादळ सुरू होताच तो एका गुहेत आश्रयास गेला होता. बाहेर हाल चाललेले पाहून त्याने धावपटूंस आत आणले, शेकोटी पेटविली आणि पांघरुणांत गुंडाळले. आधुनिक शर्यतीजवळ वेळ मोजणारी यंत्रे होती, नकाशे होते. आसरा कोठे आहे हे मेंढपाळास ठाऊक होते.

ही गोष्ट सिल्वासाच्या संदर्भात विचार करण्यासारखी आहे. या प्रदेशाच्या लोकसंख्येत २०११ च्या जनगणनेनुसार निम्म्याहून थोडे अधिक लोक आदिवासी आहेत. वारली, कोकणा, धोडिया, काथोडी या जमातींची माणसे या डोंगरांत पिढ्यान्‌पिढ्या वावरली आहेत. कोणता ओढा मार्गशीर्षात वाहता असतो, कोणती ढोरवाट कड्यावर जाऊन संपते, कोणत्या खडकावर उन्हाच्या वेळी सावली पडते, हे ज्ञान छापील नकाशात नसते. डोंगरवासीयांच्या पायांची ताकद जगाने एकदा पाहिली आहे. १९९३ साली अमेरिकेतील लेडव्हिल येथे १०० मैलांची शर्यत झाली. तीत मेक्सिकोच्या रारामुरी जमातीतील ५५ वर्षांचा व्हिक्टोरियानो चुरो पहिला आला. त्याच्या पायांत रबरी टायरच्या तळव्यांच्या साध्या वहाणा होत्या.

आपल्याकडे याहून जवळचे उदाहरण आहे. सिल्वासाच्या पूर्वेस डोंगर ओलांडून गेले, की नासिक जिल्ह्यातील त्र्यंबकेश्वर तालुक्यात हरसूलजवळ सावरपाडा हे लहानसे आदिवासी गाव लागते. कविता राऊत ही तेथील मुलगी. लहानपणी पाण्यासाठी तिला दूर जावे लागे, आणि अनवाणी धावण्याची सवय तिला तेथेच लागली. नासिक येथे विजेंदर सिंग यांच्याजवळ तिने शिक्षण घेतले. २०१० साली दिल्लीच्या राष्ट्रकुल क्रीडास्पर्धांत १०,००० मीटर धावण्यात तिने कांस्यपदक मिळविले, आणि त्याच वर्षी ग्वांगझू येथील आशियाई स्पर्धांत त्याच शर्यतीत रौप्यपदक. २०१२ साली तिला अर्जुन पुरस्कार मिळाला व २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये ती मॅरेथॉन धावली. ‘सावरपाडा एक्स्प्रेस’ हे नाव महाराष्ट्राने तिला प्रेमाने दिले.

तथापि या कौतुकात एक फसवणूक दडलेली असते, आणि ती वेळीच ओळखली पाहिजे. पाण्यासाठी मैलोगणती चालणारी मुलगी काही सराव करीत नसते. ती पाणी आणीत असते. तिच्या दमदारपणाचे गुणगान करताना तिच्या गावी नळ नाही हे विसरले जाते. याच डोंगरपट्ट्यातील जव्हार-मोखाड्याच्या बालकांचे कुपोषण १९९२ पासून वृत्तपत्रांतून कितीदा तरी मांडले गेले आहे. ज्या पायांना बालपणी पुरेसे अन्न मिळाले नाही, त्या पायांतून धावपटू निर्माण होत नाहीत. आणि जे थोडे निर्माण होतात, ते हालअपेष्टांमुळे नव्हे, हालअपेष्टा असूनही. कविता राऊतांच्या पायांस बळ डोंगराने दिले असेल. पण त्या बळास पदकापर्यंत नेले ते शिक्षकाने, आहाराने, बुटांनी आणि रोजच्या मैदानाने. एका मुलीला ते लाभले. तिच्याबरोबर त्याच वाटेने पाणी आणणाऱ्या इतर मुलींना ते लाभले असते, तर काय झाले असते, हा प्रश्न उरतोच.

म्हणून डोंगरात शर्यत भरविणाऱ्यांवर दुहेरी जबाबदारी येते. पहिली धावणाऱ्यांच्या प्राणांची. वाट स्वतः पायाखाली घातल्यावाचून ती कोणासही सांगू नये. प्रत्येक ठाण्यावर आलेल्यांची व गेलेल्यांची नोंद असावी. शिट्टी, विजेरी, अंगावर घ्यावयाचे जाड वस्त्र, किमान पाणी आणि पट्टी या वस्तू ज्याच्याजवळ नसतील त्यास निघूच देऊ नये. दुसरी जबाबदारी त्या भूमीची. ज्यांच्या पाड्यांवरून वाट जाते, त्यांस विचारल्याशिवाय ती आखू नये. वाटाडे, पाणी पोहोचविणारे, ठाण्यांवर स्वयंपाक करणारे हे स्थानिकच असावेत आणि त्यांस कामाचा पुरता मोबदला मिळावा. दीडशे पाहुणे एका दिवसात डोंगर तुडवून गेले आणि मागे प्लॅस्टिकच्या बाटल्या ठेवून गेले, तर त्या शर्यतीस खेळ म्हणता येणार नाही.

वेळेच्या मर्यादेविषयीही मन घट्ट असावे लागते. कॉम्रेड्स शर्यतीत ठरलेली वेळ संपताच बंदूक उडविली जाते, आणि ती उडविणारा अधिकारी धावपटूंकडे पाठ करून उभा असतो. चार पावलांवर आलेल्या माणसाचा चेहरा पाहून त्याचे मन विरघळू नये, हा त्यातील हेतू. वरवर पाहता हे निष्ठुर वाटते. पण डोंगरात अंधार पडल्यावर थकलेला माणूस कड्याच्या वाटेवर सोडणे याहून निष्ठुर आहे. वाटेतल्या ठाण्यावर ज्याला थांबविले जाते, त्याच्यावर अन्याय होत नसतो. त्याला घरी पाठविले जात असते.

येथे धावणाऱ्याच्या मनातील एक गाठ सोडविणे अगत्याचे आहे. महाराष्ट्रात डोंगरातील धावेचा विषय निघाला, की पावनखिंडीचे स्मरण होतेच आणि ते होणे स्वाभाविक आहे. १६६० च्या जुलै महिन्यात पन्हाळ्याच्या वेढ्यातून निसटून शिवाजीमहाराज भर पावसात विशाळगडाकडे निघाले. बाजीप्रभू देशपांडे व त्यांचे सोबती घोडखिंडीत पाय रोवून उभे राहिले व तेथेच पडले. त्या रात्रीच्या धावेमागे एक राज्य उभे होते. मागे फिरणे म्हणजे राजाचा घात होता. आजच्या शर्यतीत गडावर कोणाचेही प्राण आपल्या पोहोचण्यावर अवलंबून नसतात. बाजीप्रभूंचे नाव घेऊन, छातीत कळ येत असताना किंवा शुद्ध हरपत असताना पुढे रेटणारा धावपटू त्या बलिदानाचा मान राखीत नाही. त्याचा अर्थच त्याला उमगलेला नसतो. बलिदान कशासाठी तरी असते. पदकाच्या दोरीसाठी ते होऊ नये. डोंगर पुढच्या वर्षीही तेथेच असतो, आणि मागे फिरलेल्यास तो पुन्हा चढता येतो.

मग या खटाटोपात माणसास मिळते तरी काय? पहाटेच्या काळोखात निघालेला धावपटू दुपारपर्यंत आपल्या मोठेपणाच्या बहुतेक कल्पना वाटेत टाकून देतो. आठव्या तासाला त्याच्या शिक्षणाचा, हुद्द्याचा, बँकेतील ठेवीचा काही उपयोग राहत नाही. एखाद्या पाड्यावरच्या म्हातारीने दिलेला पाण्याचा तांब्या त्या वेळी सर्वांत मोठा वाटतो. आपले शरीर किती थोड्यावर चालते आणि त्या थोड्यासाठी किती जणांवर अवलंबून असते, हे त्यास कळते. शहरातील माणसाने हे एकदा तरी अनुभवावे. मात्र जो धडा तो हौसेने एका दिवसात शिकतो, तो त्या पाड्यावरील माणसे जन्मभर नाइलाजाने गिरवीत असतात, हेही त्याने परतताना बरोबर न्यावे.

सह्याद्रीत आज ठिकठिकाणी अशा शर्यती उभ्या राहत आहेत. दमणगंगेच्या काठच्या या डोंगरांतूनही कधी एखादी लांब वाट आखली जाईल. ती आखणाऱ्यांनी बक्षिसाच्या रकमेचा आणि पाहुण्यांच्या सोयीचा विचार करावाच. पण आरंभाच्या रेषेकडेही एकदा पाहून घ्यावे. त्या रेषेवर पुण्या-मुंबईहून आलेल्यांच्या शेजारी एखाद्या पाड्यावरची मुलगी उभी असावी. तिच्या पायांत मापाचे बूट असावेत, पोटात सकाळची भाकरी असावी, आणि घरचे पाणी त्या दिवशी तरी तिने डोंगर उतरून आणलेले नसावे.